चार मिनिटांचं गाणं आणि घराचा उंबरठा : समलिंगी प्रेमाबद्दलचा पूर्वग्रह गाण्यांच्या व्हिडिओंनी कसा हलवला

घरातली सगळी मंडळी नटूनथटून दाराकडे डोळे लावून बसली आहेत. मुलगा आज आपल्या होणाऱ्या जोडीदाराला पहिल्यांदाच घरी आणणार आहे. गाडी येते, सगळे पुढे सरसावतात आणि मुलाच्या सोबत उतरतो तो दुसरा एक मुलगा. घर क्षणभर थबकतं. मग मात्र पाहुण्याचं स्वागत होतं.

हा प्रसंग आहे 'द वेलकम' या गाण्याच्या व्हिडिओतला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने 'फ्री अँड इक्वल' या मोहिमेसाठी तो ३० एप्रिल २०१४ रोजी मुंबईत प्रकाशित केला. अभिनेत्री सेलिना जेटली त्यात गाताना, नाचताना दिसते. गाणं मात्र नवं नव्हतं. बासू चटर्जींच्या १९७९ सालच्या 'बातों बातों में' या चित्रपटातलं 'उठे सबके कदम' हे राजेश रोशन यांचं गाणं नव्याने सजवून वापरलं होतं. मूळ गाण्यात इंदूरला जन्मलेल्या लता मंगेशकरांचा आवाज आहे, सोबत अमित कुमार आणि पर्ल पदमसी. चित्रपट वांद्र्याच्या ख्रिस्ती कुटुंबाचा, मुलीसाठी चांगलं स्थळ शोधणाऱ्या आईचा. म्हणजे तेच जमवाजमवीचं गाणं ३५ वर्षांनी पुन्हा आलं, फक्त या वेळी दारात उभं असलेलं स्थळ वेगळं होतं.

वेळही महत्त्वाची होती. ११ डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टाने कलम ३७७ पुन्हा जिवंत केलं होतं. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत हा व्हिडिओ आला. त्यात कलमाचा उल्लेख नाही, घोषणा नाही, भाषण नाही. आहे ते फक्त एक घर.

गेल्या चाळीस वर्षांत जगभर अशी अनेक गाणी आली. काही गाजली, काहींवर बंदी आली, काही नुसतीच खळबळ करून गेली. त्यातली काय साधून गेली आणि का, याचा हा आढावा.

गाण्याचा व्हिडिओच का?

समलिंगी प्रेम म्हणजे पुरुषाचं पुरुषावर किंवा स्त्रीचं स्त्रीवर असलेलं प्रेम. त्याबद्दलचा पूर्वग्रह बहुतेक वेळा अनुभवातून आलेला नसतो. "आपल्याकडे असलं काही नसतं" असं म्हणणाऱ्याच्या ओळखीत असा माणूस असतोच, पण त्याने ते सांगितलेलं नसतं. न सांगण्याचं कारण पुन्हा तोच पूर्वग्रह. हे चक्र कुठेतरी तुटावं लागतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये 'द नेचर ऑफ प्रेज्युडिस' या पुस्तकात मांडलं, की दोन गटांतली माणसं योग्य परिस्थितीत, बरोबरीच्या नात्याने एकमेकांना भेटली की पूर्वग्रह कमी होतो. पुढे २००५ च्या सुमारास एडवर्ड शियापा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारलं, की प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तर? पडद्यावरच्या माणसाशीही प्रेक्षकाची एक प्रकारची ओळख होते आणि तिचाही असाच परिणाम होऊ शकतो, असं त्यांनी टीव्ही मालिकांच्या आधारे दाखवलं.

गाण्याच्या व्हिडिओला याशिवाय तीन फायदे मिळतात.

एक, तो लहान असतो. चार-पाच मिनिटांत संपतो, त्यामुळे विषय न आवडणाराही शेवटपर्यंत पाहू शकतो.

दोन, तो पुन्हा पुन्हा पाहिला जातो. चित्रपट एकदा बघून होतो, गाणं मात्र चाल आवडली की पन्नास वेळा वाजतं. आणि दर वेळी ते चित्र डोळ्यांपुढून जातं.

तीन, शब्द आणि चित्र वेगवेगळं बोलू शकतात. गाणं साधं प्रेमाचं असतं, कोण कोणावर प्रेम करतंय हे फक्त चित्र सांगतं. प्रेक्षक गाण्यात आधीच गुंतलेला असतो. त्यामुळे उपदेश सुरू झाला की कान बंद करणारा माणूसही इथे थोडा उशिरा सावध होतो.

१९८४ : रेल्वेचा डबा

या प्रकारातला आजही दाखला दिला जातो तो व्हिडिओ १९८४ चा. लंडनच्या ब्रॉन्स्की बीट या तिघांच्या बँडचं पहिलंच गाणं, 'स्मॉलटाउन बॉय'. दिग्दर्शक बर्नार्ड रोज, गायक ग्लासगोचा जिमी समरव्हिल. बँडमधले तिघेही उघडपणे समलिंगी होते आणि त्या काळात ही गोष्ट साधी नव्हती.

व्हिडिओतली गोष्ट एका ओळीत सांगता येते. छोट्या गावातला मुलगा रेल्वेने घर सोडून चालला आहे. डब्यात बसून त्याला आठवतं ते असं : पोहण्याच्या तलावावर आवडलेला एक मुलगा, नंतर टोळक्याने केलेली मारहाण, पोलिसाने घरी आणून सोडणं आणि त्यामुळे आईवडिलांपुढे सगळं उघडं पडणं. निघताना वडील हातात पैसे ठेवतात, पण मुलाने पुढे केलेला हात हातात घेत नाहीत.

सगळा व्हिडिओ या एका हातावर उभा आहे. वडील क्रूर नाहीत, पैसे देतात, मुलाची काळजी आहे. पण स्पर्श नको. पाहणारा त्या मुलाच्या बाजूने विचार करतो की नाही हा पुढचा भाग, आधी तो स्वतःला त्या बापाच्या जागी बघतो. गाणं ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर पोचलं, नेदरलँड्समध्ये पहिल्या.

बँडने त्याच वर्षी आलेल्या अल्बमचं नावच 'द एज ऑफ कन्सेंट' ठेवलं, म्हणजे संमतीचं वय. तेव्हा ब्रिटनमध्ये स्त्री-पुरुष संबंधांसाठी हे वय १६ होतं, पुरुष-पुरुष संबंधांसाठी २१. हा भेद जायला २००१ साल उजाडावं लागलं. मधल्या काळात, १९८८ मध्ये, स्थानिक संस्थांनी समलैंगिकतेला 'प्रोत्साहन' देऊ नये असं सांगणारं कलम २८ उलट नव्याने आलं. इंग्लंडमध्ये ते २००३ पर्यंत टिकलं. थोडक्यात, गाणं गाजलं म्हणून कायदा लगेच बदलला असं झालं नाही. पण त्या रेल्वेच्या डब्यात आपण बसलो होतो असं वाटणारी एक पिढी तयार झाली.

त्याच वर्षी क्वीन बँडचा 'आय वॉन्ट टू ब्रेक फ्री' आला. त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळ नाव फारुख बुलसारा, शाळेला होता पाचगणीत, सेंट पीटर्समध्ये. या व्हिडिओत चौघेही बायकांच्या वेशात घरकाम करताना दिसतात, ब्रिटनमधल्या एका लोकप्रिय मालिकेची ती नक्कल होती. ब्रिटनमध्ये लोक हसले. अमेरिकेत मात्र तो अनेकांच्या पचनी पडला नाही, बँडच्या तिथल्या लोकप्रियतेला त्याने धक्का बसला असं मानलं जातं. खरं तर त्यात समलिंगी प्रेमाचा विषयही नव्हता. पुरुषाने साडी नेसली की प्रेक्षक हसणार हे मराठी रंगभूमीलाही ठाऊक आहे. पण हसणं आणि स्वीकारणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हा फरक १९८४ च्या या दोन व्हिडिओंत स्पष्ट दिसतो.

मतपेटीच्या आसपास

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात समलिंगी विवाहावर मतदान होणार होतं. सिअ‍ॅटलच्या मॅकलमोर आणि रायन लुईस या जोडीने त्याच वर्षी 'सेम लव्ह' हे गाणं आणलं. ध्रुवपद मेरी लॅम्बर्ट गाते, ती स्वतः समलिंगी आहे. व्हिडिओत एका माणसाचं सगळं आयुष्य येतं. इस्पितळात जन्म, शाळा, घरातली भांडणं, प्रेम, लग्न आणि शेवटी पुन्हा इस्पितळाचा बिछाना, उशाशी म्हातारा झालेला नवरा. नोव्हेंबरमध्ये राज्यातल्या सुमारे ५४ टक्के मतदारांनी विवाहाच्या बाजूने कौल दिला.

ही मतं गाण्यामुळे मिळाली असं कोणी म्हटलं तर ते खरं मानू नये. मोहीम आधीपासून, घरोघर सुरू होती. गाण्याने एवढंच केलं की बोलायला अवघड विषय गाडीतल्या रेडिओवर आणून ठेवला. टीकाही झाली. रॅप गाणाऱ्या कलाकारांत समलिंगी कलाकार होतेच, मग हा विषय भिन्नलिंगी गायकाने मांडल्यावरच का ऐकला गेला, हा प्रश्न रास्त होता.

पुढे २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात टपालाने मत मागवलं गेलं, तेव्हा रग्बी लीगच्या अंतिम सामन्यात हेच गाणं गायलं गेलं. त्यावरून राजकीय वाद पेटला आणि पाच वर्षं जुनं गाणं तिथे पुन्हा विक्रीत वर गेलं. निकालात ६१.६ टक्के लोकांनी होकार दिला.

आयर्लंडच्या होझियरचं 'टेक मी टू चर्च' हे वेगळं उदाहरण. गाण्याच्या शब्दांत दोन पुरुषांची गोष्ट नाही, प्रेम आणि धर्मसंस्था यांच्यातला ताण आहे. पण २०१३ मध्ये आलेल्या कृष्णधवल व्हिडिओत दोन तरुण आहेत आणि त्यांच्यामागे लागलेला तोंड झाकलेला जमाव. रशियात त्याच वर्षी जूनमध्ये 'अपारंपरिक संबंधांच्या प्रचारा'विरुद्ध कायदा झाला होता, तिथल्या मारहाणीच्या बातम्या येत होत्या, व्हिडिओचा रोख तिकडे होता. फारसा खर्च न करता केलेला हा व्हिडिओ इंटरनेटवरून जगभर पोचला. चित्र बदललं की त्याच शब्दांचा अर्थ बदलतो, याचं यापेक्षा ठळक उदाहरण मिळणं कठीण.

खुद्द आयर्लंडमध्ये १९९३ पर्यंत समलिंगी संबंध गुन्हा होता. २२ मे २०१५ ला त्याच देशाने सार्वमताने समलिंगी विवाहाला मान्यता दिली, ६२ टक्के मतांनी.

जिथे व्हिडिओच अडवला गेला

केनियात चित्र वेगळं होतं. तिथला दंडविधान कायदा इंग्रजांनी घालून दिलेला, आपल्या कलम ३७७ च्या घराण्यातलाच. 'निसर्गक्रमाविरुद्ध' संबंधांना १४ वर्षांपर्यंत शिक्षा. २०१६ च्या फेब्रुवारीत आर्ट अटॅक नावाच्या तिथल्या गटाने 'सेम लव्ह'चं आफ्रिकन रूप आणलं. तिथल्या चित्रपट वर्गीकरण मंडळाने व्हिडिओवर बंदी घातली आणि यूट्यूबवरून तो काढावा म्हणून गूगलला सांगितलं. गूगलने काढला नाही, पाहण्याआधी इशारा लावला. बंदीची बातमी जगभर झाली आणि ज्यांनी गाणं ऐकलंही नव्हतं त्यांनी ते शोधून पाहिलं. कायदा मात्र तसाच राहिला. मे २०१९ मध्ये तिथल्या हायकोर्टाने तो वैध ठरवला.

दक्षिण कोरियात २०१८ च्या जानेवारीत हॉलंड नावाच्या तरुण गायकाचं 'नेव्हरलँड' आलं. दोन मुलांच्या एका चुंबनामुळे व्हिडिओला '१९ वर्षांवरील' असा शिक्का बसला. मुलगा-मुलगी असते तर तो बसला असता का, हा प्रश्न मग तिथल्या तरुण प्रेक्षकांतच विचारला गेला.

तैवान : सहीचा कागद

आपल्या वाचकाला सगळ्यात जवळचा वाटेल तो व्हिडिओ तैवानचा आहे. २०१४ मध्ये तिथली आघाडीची गायिका जोलिन त्साय हिने एक गाणं काढलं. त्याच्या चिनी नावाचा आशय असा, की वेगळे असलो तर काय झालं. व्हिडिओत तिच्यासोबत रूबी लिन ही नामवंत अभिनेत्री आहे.

गोष्ट खऱ्या प्रसंगावरून घेतलेली. दोन स्त्रिया तीसहून जास्त वर्षं एका घरात संसार करतात. एकीला अचानक इस्पितळात न्यावं लागतं, तातडीची शस्त्रक्रिया आहे. संमतीच्या कागदावर सही हवी. दुसरी सही करायला पुढे होते, पण कायद्याच्या नजरेत ती कोणीच नाही. इतक्या वर्षांच्या सोबतीला त्या कागदावर जागा नाही.

इथे प्रेम योग्य की अयोग्य हा वाद उरतच नाही. इस्पितळाच्या काउंटरवर सही कोण करणार, हा प्रश्न कुठल्याही घराला कळतो. म्हाताऱ्या आईवडिलांना तालुक्याहून जिल्ह्याला, बेळगावहून कोल्हापूरला किंवा मडगावहून बांबोळीला धावत नेलेल्या प्रत्येकाला कळतो.

सिंगापूरच्या माध्यम नियामकाने २०१५ मध्ये हे गाणं रेडिओ-टीव्हीवर नको असं कळवलं. तैवानमध्ये ते भरपूर पाहिलं गेलं. २४ मे २०१७ ला तिथल्या घटनापीठाने समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क द्यावा असा निकाल दिला. पण २०१८ च्या नोव्हेंबरात झालेल्या सार्वमतात बहुसंख्य मतदार विवाहाच्या विरोधात गेले. तरीही घटनापीठाचा निकाल बंधनकारक असल्याने कायदा झाला आणि २४ मे २०१९ पासून तैवान हा समलिंगी विवाहाला मान्यता देणारा आशियातला पहिला देश ठरला. म्हणजे लोकप्रिय गाणंही बहुमत एका झटक्यात फिरवत नाही. ते प्रश्न लोकांच्या डोक्यात ठेवून जातं, उत्तराला वेळ लागतो.

भारतात काय झालं?

सामाजिक विषयासाठी गाण्याचा व्हिडिओ वापरण्याची वाट भारतात आधी स्त्रियांच्या प्रश्नाने पाडली. 'ब्रेकथ्रू' या संस्थेने २००० च्या सुमारास 'मन के मंजीरे' आणलं. आवाज शुभा मुद्गल, शब्द प्रसून जोशी, संगीत शंतनू मोइत्रा. घरातली मारहाण सोडून बाहेर पडलेली आणि ट्रक चालवणारी बाई मीता वशिष्ठने उभी केली. ती गोष्टही खऱ्या बाईची होती. घरगुती हिंसेसारखा विषय त्यामुळे गाण्यांच्या चॅनेलवर आला.

समलिंगी प्रेमाच्या बाबतीत 'द वेलकम' हा मोठा टप्पा. त्यानंतर कायद्याचं चित्र झपाट्याने बदललं. ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने ठरवलं, की सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत. तो खटला नवतेज सिंग जोहर यांच्या नावाने ओळखला जातो. जोहर हे भरतनाट्यमचे नर्तक.

योगायोग असा, की तीन वर्षांनी, २०२१ मध्ये, तमिळमध्ये आलेल्या 'मगिळिनी' या व्हिडिओतही नायिका भरतनाट्यमच्याच आहेत. गौरी किशन आणि अनघा यांनी रंगवलेल्या या दोघी नृत्य करता करता एकमेकींच्या प्रेमात पडतात. संगीत गोविंद वसंता यांचं. इथे परदेशी शहर नाही, पार्टी नाही. पैंजण आहेत, घुंगरू आहेत, घरातली माणसं आहेत. 'हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ' या नेहमीच्या वाक्याला व्हिडिओ उत्तर देत बसत नाही, तो फक्त गोष्ट आपल्याच अंगणात मांडतो.

एक गल्लत इथे टाळायला हवी. समलिंगी असणं आणि तृतीयपंथी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात प्रश्न प्रेम कोणावर आहे याचा, दुसऱ्यात स्वतःला स्त्री, पुरुष की आणखी काही मानतो याचा. सीमाभागात सौंदत्तीच्या यल्लम्माचे जोगते सगळ्यांच्या पाहण्यातले असल्याने दोन्ही एकच समजलं जातं. 'जोगवा' या २००९ च्या चित्रपटाने आणि अजय-अतुलच्या त्यातल्या गाण्यांनी जोगत्या-जोगतिणींचं दुःख घराघरांत नेलं, पण ती गोष्ट समलिंगी प्रेमाची नव्हे. २०१६ मध्ये 'सिक्स पॅक बँड' हा तृतीयपंथी गायकांचा बँड आला, त्याला कान महोत्सवात ग्लास लायन विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. ते कामही मोलाचं, पण विषय वेगळा.

कुठे फसतं?

सगळेच व्हिडिओ पूर्वग्रह कमी करत नाहीत. काही तो वाढवतात. नेहमीच्या चुका अशा :

• फक्त खळबळ. रशियाच्या टाटू या दोन मुलींच्या गटाने २००२ मध्ये शाळेच्या गणवेशात, पावसात एकमेकींचं चुंबन घेणारा व्हिडिओ करून जग गाजवलं. त्या प्रेमिका असल्याचं भासवलं गेलं, पुढे कळलं की ती विक्रीची युक्ती होती. पाहणाऱ्याची नजर चाळवली, पण कुणाचं दुःख कळलं नाही.

• फक्त मार आणि मरण. प्रत्येक गोष्ट रक्ताने किंवा आत्महत्येने संपली, तर पाहणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला एकच निरोप जातो, की आपल्या वाट्याला हेच आहे. अमेरिकन गायिका हेली कियोकोच्या 'गर्ल्स लाइक गर्ल्स' या २०१५ च्या व्हिडिओत मारहाण आहे, पण शेवट दोघी मुलींच्या बाजूने होतो. त्यामुळेच तो तरुण मुलींना धरून ठेवतो.

• फक्त विनोद. लचकत चालणारा, टाळ्या वाजवणारा 'तसला' माणूस दाखवून हशा मिळतो. घरात बसलेला मुलगा मात्र त्या हशातून एवढंच शिकतो, की गप्प राहायचं.

• फक्त मोठं शहर, मोठा फ्लॅट. असं दाखवलं की गावातला प्रेक्षक सुटतो. 'हे मुंबई-पुण्याचं' म्हणून पुढचं गाणं लावतो.

चार मिनिटांनंतर

व्हिडिओ दार ढकलतो, पण आत जायचं काम बोलण्याने होतं. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कॅला या अभ्यासकांनी २०१६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या मायामी शहरातला एक प्रयोग मांडला. कार्यकर्ते दारोदार गेले आणि तृतीयपंथी व्यक्तींबद्दल सुमारे दहा मिनिटं बोलले. भाषण नाही केलं. समोरच्याला विचारलं, की तुम्हाला कधी वेगळं म्हणून हिणवलं गेलं का, तेव्हा काय वाटलं. त्या एका गप्पेचा परिणाम निदान तीन महिने टिकलेला दिसला.

मराठीला हे बोलणं अगदीच नवं नाही. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ मध्येच रंगमंचावर आलं, त्याची नायिका मुलीवर प्रेम करणारी आहे आणि ती भूमिका रोहिणी हट्टंगडींनी केली. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी २००६ ची. मुंबईत 'हमसफर ट्रस्ट' १९९४ पासून आणि पुण्यात बिंदुमाधव खिरे यांचा 'समपथिक ट्रस्ट' २००२ पासून काम करत आला आहे. नाटक-कादंबरी वाचणाऱ्या-पाहणाऱ्यांपुरती राहते, गाणं मात्र एसटीत, लग्नाच्या मांडवात आणि आजीच्या मोबाइलवरही पोचतं. म्हणून या माध्यमाचं महत्त्व.

आज कायदा काय म्हणतो?

व्हिडिओ पाहून घरात विषय निघाला, तर या गोष्टी ठाऊक असलेल्या बऱ्या :

• सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलिंगी संबंध २०१८ पासून गुन्हा नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३७७ सारखी तरतूदच नाही.

• समलिंगी विवाहाला भारतात कायदेशीर मान्यता नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने हा विषय संसदेचा असल्याचं म्हटलं. फेरविचाराच्या याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. एकत्र राहायला मात्र बंदी नाही.

• केंद्र सरकारने २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये स्पष्ट केलं, की समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खातं काढता येतं आणि एकमेकांना नॉमिनी करता येतं. रेशन कार्डासाठी त्यांना एकाच घरातले मानावं, जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावं, असंही राज्यांना कळवलं.

• मानसिक आरोग्य कायदा, २०१७ नुसार सज्ञान व्यक्तीला उपचारांसाठी आपला प्रतिनिधी स्वतः नेमता येतो. तो रक्ताचा नातेवाईकच असावा असं बंधन नाही.

• 'बरं करून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टरपासून सावध. अशा उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. समलिंगी असणं हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने तो १९९० मध्येच आजारांच्या यादीतून काढला.

• मद्रास हायकोर्टाने मे २०२५ मध्ये, घरच्यांनी अडवून ठेवलेल्या एका तरुणीला तिच्या मैत्रिणीबरोबर जाऊ देताना म्हटलं, की कुटुंब फक्त लग्नानेच तयार होतं असं नाही.

या यादीत तैवानच्या त्या व्हिडिओतल्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर अजून नाही. जोडीदार बेशुद्ध असताना इस्पितळाने कागद कोणापुढे सरकवायचा, हे आजही बरंचसं तिथल्या डॉक्टरवर आणि घरून धावत आलेल्या नातेवाइकांवर ठरतं. ते नातेवाईक त्या दुसऱ्या व्यक्तीला पुढे येऊ देतील की बाहेरच्या बाकावर बसायला सांगतील, हे कोर्टाच्या निकालाने ठरत नाही. ते त्याच्या कितीतरी आधी घरात ठरलेलं असतं, कधी तरी टीव्हीवर असं एखादं गाणं लागलं तेव्हा कोणी चॅनेल बदललं आणि कोणी राहू दिलं, इथपासून.